प्रत्येक प्रकल्पाची आपली टेस्ट सेटिंग्ज: व्हीएस कोडमधील एका सोयीचे परीक्षण

एकाच संगणकावर चार-पाच प्रकल्प सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमरला एक अडचण रोज भेटते. एका प्रकल्पाच्या चाचण्या, म्हणजे कोड बरोबर चालतो का हे तपासणारे छोटे प्रोग्रॅम, पायटेस्ट या साधनावर लिहिलेल्या असतात, तर दुसऱ्याच्या पायथॉनसोबतच मिळणाऱ्या युनिटटेस्टवर. एकात त्या मुळाशी असलेल्या ‘टेस्ट्स’ फोल्डरमध्ये असतात, तर दुसऱ्यात प्रत्येक मॉड्यूलच्या शेजारी. एकाला डेटाबेसचा पत्ता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून, म्हणजे प्रोग्रॅमला बाहेरून दिलेल्या मूल्यातून, हवा असतो, तर दुसऱ्याला काहीच लागत नाही. हे सगळे एडिटरला एकदाच आणि सगळ्या प्रकल्पांसाठी मिळून सांगायला गेले, तर एक प्रकल्प सुरळीत चालतो आणि बाकीचे अडून बसतात. म्हणूनच चाचण्यांची सेटिंग्ज माणसाच्या नव्हे तर प्रकल्पाच्या नावावर ठेवता येणे, ही मी कोड एडिटरकडून पहिली अपेक्षा ठेवते. व्हीएस कोड हा एडिटर आणि त्याला पायथॉनसाठी जोडायचे पायथॉन एक्स्टेंशन ही अपेक्षा कितपत पुरी करतात, हे येथे तपासायचे आहे.

माझा अनुभव मुख्यतः एका प्रकल्पावरचा आहे. पतसंस्थांसाठी मराठीतून पावत्या आणि खातेउतारे तयार करणारे ते सॉफ्टवेअर आहे आणि रक्कम अक्षरी लिहिणे हा त्याचा जीव आहे. आमच्या टीममध्ये काही जण विंडोजवर काम करतात, काही लिनक्सवर, आणि दोघांना पायचार्म हा दुसरा एडिटर आवडतो. माझे मत आधीच सांगते: व्हीएस कोडची ही सोय उत्तम आहे आणि मी तिची मनापासून शिफारस करते, पण तिच्यात जितके कमी भरावे तितकी ती चांगली चालते, हे आम्हाला फार उशिरा उमगले.

व्हीएस कोड २०१५ मध्ये जाहीर झाला आणि तो विनामूल्य आहे. चाचण्यांचा आजचा पॅनेल मात्र बराच नंतरचा. २०२१ च्या जुलै महिन्याच्या आवृत्तीत, म्हणजे १.५९ मध्ये, चाचण्यांसाठीचा सामाईक एपीआय, म्हणजे एक्स्टेंशनने एडिटरशी बोलण्याची ठरलेली पद्धत, पक्का झाला आणि तेव्हापासून कोणत्याही भाषेच्या एक्स्टेंशनला आपल्या चाचण्या एकाच झाडात, म्हणजे फांद्या फुटत जाणाऱ्या यादीत, मांडता येऊ लागल्या. डाव्या पट्टीवर प्रयोगशाळेतल्या चंबूचे चिन्ह दिसते, ते याच पॅनेलचे. नवा प्रकल्प उघडून त्यावर क्लिक केले, की पायथॉनच्या चाचण्या जुळवून घ्यायच्या का, असे एक बटण विचारते. तुम्ही पायटेस्ट की युनिटटेस्ट ते निवडता, मग चाचण्यांचे फोल्डर निवडता, आणि प्रकल्पाच्या मुळाशी ‘.व्हीएसकोड’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘सेटिंग्ज.जेसन’ ही फाइल तयार होते. तिच्यात तीनच ओळी असतात: पायटेस्ट चालू, युनिटटेस्ट बंद, आणि पायटेस्टला द्यायच्या आर्ग्युमेंट्सची, म्हणजे कमांडसोबतच्या सूचनांची, एक यादी, जिच्यात तुम्ही निवडलेल्या फोल्डरचे नाव असते. कोणत्याही किचकट संवादचौकटी नाहीत, लपवलेला डेटाबेस नाही; साधी वाचता येणारी मजकूर-फाइल आहे, ती गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदवहीत, कमिट होते आणि तिच्यात कोणी काय बदलले हे पुल रिक्वेस्टमध्ये, म्हणजे बदल टीमपुढे तपासायला ठेवतो तिथे, डोळ्यांना दिसते. मला या सोयीतले सर्वात मोलाचे हेच वाटते. चुकून दोन्ही साधने चालू राहिली तर एक्स्टेंशन फक्त पायटेस्ट चालवते, हेही लक्षात ठेवावे. युनिटटेस्टच्या चाचण्या झाडात का दिसत नाहीत, याचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते.

सेटिंग्जचे थर समजून घेतल्याशिवाय मात्र ही सोय वापरू नये. सर्वात खाली एडिटरची मूळ मूल्ये, त्यावर तुमची वैयक्तिक सेटिंग्ज, त्यावर वर्कस्पेसची, म्हणजे एका खिडकीत उघडलेल्या फोल्डरांच्या संचाची, आणि सर्वात वर त्या त्या फोल्डरची. जे चाचणीच्या कोडच्या अधिक जवळ, ते वरचढ ठरते, आणि हा क्रम योग्यच आहे. गोम अशी आहे, की ज्या सेटिंगचे मूल्य ऑब्जेक्ट, म्हणजे नाव-मूल्य अशा जोड्यांचा संच, असते त्याचे वेगवेगळ्या थरांतले तुकडे एकत्र केले जातात, पण ज्याचे मूल्य यादी असते ती यादी वरच्या थराने पूर्णपणे बदलली जाते. पायटेस्टची आर्ग्युमेंट्स ही यादी आहे. त्यामुळे पहिली चाचणी पडताच, म्हणजे नापास होताच, थांबावे म्हणून एखाद्याने आपल्या वैयक्तिक सेटिंग्जमध्ये ‘-एक्स’ लिहून ठेवला असेल, आणि प्रकल्पाच्या फाइलमध्ये यादीत फक्त ‘टेस्ट्स’ असेल, तर त्याचा ‘-एक्स’ निमूटपणे गळून पडतो. सेटिंग्जच्या पानावर ‘हे मूल्य अन्यत्रही बदललेले आहे’ अशी सूचना दिसते खरी, पण जेसन फाइलच थेट उघडणाऱ्याच्या ती नजरेस पडत नाही.

आमच्याकडे याच यादीने मोठा घोळ घातला, आणि त्यात दोष पूर्णपणे आमचा होता. एक सहकारी पावतीच्या मांडणीवर काम करत होता. दर वेळी सगळ्या चाचण्या नकोत म्हणून त्याने आर्ग्युमेंट्सच्या यादीत ‘-के पावती’ असे लिहिले, म्हणजे ज्यांच्या नावात ‘पावती’ आहे तेवढ्याच चाचण्या घ्याव्यात. काम झाल्यावर त्याने बाकीच्या बदलांसोबत ती फाइलही कमिट केली आणि आमच्यापैकी कोणीही ती पुल रिक्वेस्टमध्ये नीट वाचली नाही. ही आर्ग्युमेंट्स चाचण्या चालवताना लागू होतात तशीच त्या शोधतानाही लागू होतात. त्यामुळे व्याजाच्या आणि खातेउताऱ्याच्या चाचण्या आमच्या पॅनेलमध्ये पडल्या नाहीत, त्या दिसायच्याच बंद झाल्या. उरलेल्या चाचण्या उत्तीर्ण होत होत्या, म्हणून झाड हिरवेगार होते. पॅनेल हिरवा पाहून आम्ही कोड वर ढकलत होतो आणि सर्व्हरवर सगळ्या चाचण्या चालल्या की तिथे लाल येत होते. ‘माझ्याकडे तर चालते’ हे वाक्य त्या आठवड्यात किती वेळा बोलले गेले असेल! शेवटी एका नवख्या मुलीने झाडातल्या फाइली मोजल्या आणि व्याजाची फाइलच नाही, हे तिच्या ध्यानात आले. गाळणी लावायची असेल तर पॅनेलच्या वरच्या शोधचौकटीत लावावी, तिथे ती कमिट होत नाही. हा नियम आम्ही त्या दिवशी केला आणि तो आजवर मोडलेला नाही.

त्या घटनेनंतर आम्ही सेटिंग्जची वाटणीच बदलली. चाचण्या कुठे आहेत, चाचण्यांचे गट पाडणारी कोणती खूण कशासाठी आहे, कोणत्या इशाऱ्यांना चूक समजायचे, या गोष्टी एडिटरच्या नाहीतच. त्या चाचणीच्या साधनाच्या आहेत आणि त्यांची जागा पायटेस्टच्या स्वतःच्या फाइलमध्ये आहे. पायटेस्ट अशी फाइल ‘पायटेस्ट.आयएनआय’ या नावाने शोधते, आणि २०२० मध्ये आलेल्या ६.० आवृत्तीपासून ‘पायप्रोजेक्ट.टॉमल’मध्येही ही सेटिंग्ज लिहिता येतात. दोन्ही फाइली असतील तर पायटेस्ट.आयएनआय जिंकते, अगदी ती रिकामी असली तरी. त्यामुळे जुनी रिकामी फाइल मागे राहिली असेल तर टॉमलमध्ये लिहिलेले सारे वाया जाते. फोल्डरांची नावे आम्ही तिथल्या ‘टेस्टपाथ्स’ या नोंदीत नेली आणि एडिटरच्या फाइलमधली आर्ग्युमेंट्सची यादी मुद्दाम रिकामी ठेवली. हे मुद्दाम करावे लागते, कारण कमांडवर एखादे फोल्डर दिलेले असले तर पायटेस्ट टेस्टपाथ्सकडे पाहतच नाही, आणि एडिटरने विचारल्यावर तुम्ही मूळ फोल्डर निवडलात तरी यादीत एक टिंब लिहिले जाते, जे पायटेस्टच्या लेखी फोल्डरच असते. यादी रिकामी झाली आणि टर्मिनल, सर्व्हर, व्हीएस कोड आणि पायचार्म या चारही ठिकाणी एकच चाचणीसंच दिसू लागला.

आता आमच्या भाषेशी थेट निगडित असलेला एक मुद्दा, ज्यावर मला थोडे सविस्तर लिहायचे आहे. अंकांची अक्षरी रूपे तपासण्यासाठी आम्ही एकच चाचणी लिहून तिला आकडा आणि शब्द अशा जोड्यांची यादी देतो. ८४ आणि चौऱ्याऐंशी, ८८ आणि अठ्ठ्याऐंशी, याप्रमाणे. पायटेस्ट प्रत्येक जोडीचे एक नाव तयार करतो आणि ते पॅनेलच्या झाडात दिसते. पण ते नाव बनवताना पायटेस्ट देवनागरी अक्षरे तशी ठेवत नाही. प्रत्येक अक्षराच्या जागी उलटी तिरकी रेघ, यू आणि चार आकडी युनिकोड संकेतांक येतो, आणि झाडात एकाखाली एक अशा शंभर अगम्य ओळी उभ्या राहतात. चाचणीच्या फंक्शनचे नावच देवनागरीत लिहिले तर ते मात्र नीट दिसते, कारण पायथॉन ३ मध्ये देवनागरी नावे चालतात. अडचण फक्त या जोड्यांची आहे.

यावर उपाय आहे आणि तोही प्रकल्पनिहाय आहे. पायटेस्ट.आयएनआयमध्ये ‘डिसेबल_टेस्ट_आयडी_एस्केपिंग_अँड_फॉरफिट_ऑल_राइट्स_टू_कम्युनिटी_सपोर्ट’ अशी एक नोंद करता येते. नाव खरोखर एवढे लांब आहे आणि त्याचा अर्थ असा, की अक्षरांचे संकेतांक करणे बंद करा आणि त्यानंतर काही बिघडले तर समुदायाकडून मदत मागण्याचा हक्क सोडून द्या. ऑपरेटिंग सिस्टिम आणि जोडलेल्या प्लगइननुसार यात अडचणी येऊ शकतात, म्हणून पायटेस्टच्या कर्त्यांनी इशारा नावातच घातला आहे. आम्ही ती नोंद केली आणि झाडात ‘८४-चौऱ्याऐंशी’ असे वाचता येऊ लागले. आपली भाषा आपल्या साधनात सरळ दिसणे किती सुखाचे असते, हे मला त्या सकाळी जाणवले.

तरीही पुढे एका प्रसंगी आम्ही ती नोंद काढून पाहिली, आणि ते बरेच झाले. ७४ ची चाचणी पडत होती. अपेक्षित शब्द ‘चौऱ्याहत्तर’, आलेला शब्दही ‘चौऱ्याहत्तर’. पडद्यावर दोन्हींत तसूभर फरक नव्हता. नोंद काढल्यावर झाडात संकेतांक दिसले आणि उलगडा झाला. ८४ च्या शब्दात ‘ऱ’ हे एकच अक्षर होते, ०९३१. ७४ च्या शब्दात मात्र साधा र, ०९३०, आणि त्यानंतर खालचा नुक्ता, ०९३सी, अशी दोन चिन्हे होती. दोन माणसांनी दोन वेगळ्या कीबोर्डवर टंकलेली ती यादी होती. दोन्ही रूपे युनिकोडच्या दृष्टीने समतुल्य आहेत आणि एनएफसी हे सामान्यीकरण, म्हणजे समतुल्य रूपांना एकाच ठरलेल्या रूपात आणणे, केले की नुक्त्याचे रूप ०९३१ मध्ये येते. आम्ही शब्दांची तुलना करण्यापूर्वी दोन्हींवर ते करू लागलो. देवनागरी मजकुराची चाचणी लिहिणाऱ्या प्रत्येकाला माझा आग्रह आहे, की संकेतांक बंद करणारी ती लांब नावाची नोंद प्रकल्पाच्या फाइलमध्ये जरूर करावी, पण तिच्या शेजारी ती केव्हा काढायची हेही लिहून ठेवावे.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची बाजू अशीच दुधारी आहे. पायथॉन एक्स्टेंशन प्रकल्पाच्या मुळाशी असलेली ‘.एन्व्ह’ फाइल वाचते आणि तिच्यातली मूल्ये चाचण्या चालवताना देते. विंडोजवर पायथॉन मजकूर-फाइल उघडताना अनेक वर्षे सर्व लिप्या सामावणाऱ्या यूटीएफ-८ ऐवजी त्या संगणकाची जुनी लिपिसंहिता, म्हणजे अक्षरे साठवण्याची संकेतपद्धत, गृहीत धरत आला आहे, आणि आमच्या मराठी साच्यांच्या फाइली तिथे वाचल्याच जात नव्हत्या. पायथॉन ३.७ पासून ‘पायथॉनयूटीएफ८’ हे व्हेरिएबल १ केले की सगळीकडे यूटीएफ-८ वापरले जाते, म्हणून आम्ही ते .एन्व्हमध्ये लिहिले. पॅनेलमधल्या चाचण्या हिरव्या झाल्या, पण टर्मिनलमध्ये त्याच चाचण्या पडत राहिल्या, कारण तिथे ती फाइल लागू होत नव्हती. व्हेरिएबलने आमची चूक फक्त झाकली होती. खरी दुरुस्ती कोडमध्ये होती: फाइल उघडताना प्रत्येक ठिकाणी लिपिसंहिता स्पष्टपणे लिहिणे. .एन्व्ह फाइल डेटाबेसच्या पत्त्यासारख्या खरोखर जागेनुसार बदलणाऱ्या गोष्टींसाठीच ठेवावी, आणि तिच्यात पासवर्ड असतील तर ती गिटमध्ये जाऊ देऊ नये.

चाचणी डीबगरखाली, म्हणजे कोड मध्येच थांबवून तपासणाऱ्या साधनाखाली, चालवायची सोय मला मनापासून आवडते. पडलेल्या चाचणीच्या शेजारच्या खुणेवर उजवे क्लिक करून डीबग निवडले, की ब्रेकपॉइंटवर, म्हणजे आपण खूण केलेल्या ओळीवर, थांबून प्रत्येक चल तपासता येते. त्यासाठीची प्रकल्पनिहाय सेटिंग्ज ‘लाँच.जेसन’ या वेगळ्या फाइलमध्ये जातात आणि त्या नोंदीचा ‘पर्पज’ ‘डीबग-टेस्ट’ असा लिहावा लागतो; तो लिहिला नाही तर तुमची नोंद चाचण्यांना लागूच होत नाही. कोड कव्हरेज, म्हणजे चाचण्यांत किती कोड चालला ते, मोजणारे पायटेस्ट-कव्ह हे प्लगइन जोडलेले असेल, तर ब्रेकपॉइंटवर थांबणे चुकू शकते, कारण कव्हरेज मोजणारा आणि डीबगर हे दोघेही पायथॉनच्या एकाच आतल्या यंत्रणेवर हक्क सांगतात. त्याच नोंदीत ‘पायटेस्ट_अ‍ॅडऑप्ट्स’ या व्हेरिएबलला ‘--नो-कव्ह’ हे मूल्य दिले की डीबग करताना कव्हरेज बंद राहते आणि एरवी चालू. ब्रेकपॉइंट का लागत नाही म्हणून अर्धा दिवस घालवण्याआधी हे करून पाहावे.

फाइल जतन करताच चाचण्या पुन्हा शोधण्याचे सेटिंग मुळात चालूच असते. लहान प्रकल्पात त्याचा त्रास होत नाही, पण शोधताना पायटेस्ट प्रत्येक चाचणीची फाइल खरोखर आयात करतो, आणि आमच्यासारख्या ठिकाणी, जिथे आयात होतानाच मोठे शब्दकोश स्मृतीत येतात, दर वेळी पंखा फिरू लागतो. कोणत्या फाइलींवर हे व्हावे याचा साचाही सेटिंग्जमध्ये बदलता येतो. तो आम्ही फक्त ‘टेस्ट_’ने सुरू होणाऱ्या फाइलींपुरता ठेवला आहे.

आयात म्हणजे कोड चालवणेच असल्याने सुरक्षेचा प्रश्नही येथेच येतो. इंटरनेटवरून घेतलेला प्रकल्प उघडल्यावर व्हीएस कोड ‘या फोल्डरच्या लेखकांवर तुमचा विश्वास आहे का’ असे विचारतो. ही सोय १.५७ आवृत्तीपासून, २०२१ च्या मे महिन्यापासून आहे, आणि अनेक जण न वाचता ‘होय’ म्हणून पुढे जातात. प्रकल्पाच्या सेटिंग्जमध्ये चाचण्या आधीच चालू केलेल्या असतील, तर तुमच्या त्या एका ‘होय’नंतर परक्या माणसाचा कोड तुमच्या संगणकावर चालतो. अभियांत्रिकी महाविद्यालयांत विद्यार्थ्यांना तयार प्रकल्प देणाऱ्या शिक्षकांनी हे वर्गात जरूर सांगावे.

एकाच खिडकीत अनेक प्रकल्प उघडायचे असतील तर वर्कस्पेसची बहुफोल्डर पद्धत उत्तम चालते. आमचा जुना व्याजगणनेचा भाग युनिटटेस्टवर आहे आणि नवा पायटेस्टवर. दोन्ही फोल्डरांत आपापली सेटिंग्ज.जेसन आहे आणि पॅनेलमध्ये दोन्हींची झाडे शेजारी उभी राहतात. एकाचे दुसऱ्याला काही कळावे लागत नाही.

उणीव मला एकच मोठी वाटते. प्रकल्पाच्या सेटिंग्जवर फक्त माझ्यापुरता, गिटमध्ये न जाणारा असा एक वैयक्तिक थर व्हीएस कोडमध्ये नाही. वैयक्तिक सेटिंग सामान्यतः सर्व प्रकल्पांना लागू होते आणि प्रकल्पाचे सेटिंग सर्व माणसांना. ‘या प्रकल्पाचे मूल्य फक्त माझ्यापुरते बदला’ असे म्हणायला जागा नाही. फोल्डरबाहेर वर्कस्पेसची वेगळी फाइल ठेवून पाहिली, तरी फोल्डरचे मूल्य तिच्या वरचढ ठरते. पायचार्म या बाबतीत पुढे आहे: त्याच्या ‘.आयडिया’ फोल्डरमध्ये ‘वर्कस्पेस.एक्सएमएल’ ही फाइल वैयक्तिक मानली जाते आणि बाकीचे टीमसोबत वाटता येते. विंडोज आणि लिनक्ससाठी वेगवेगळे मूल्य लिहिण्याची सोय लाँच.जेसनमध्ये आहे, पण सेटिंग्ज.जेसनमध्ये नाही, म्हणून पायथॉनच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचा, म्हणजे प्रकल्पापुरत्या वेगळ्या पायथॉनचा, पत्ता, जो लिनक्सवर ‘बिन’मध्ये आणि विंडोजवर ‘स्क्रिप्ट्स’मध्ये असतो, त्या फाइलमध्ये लिहू नये आणि प्रत्येकाने तो एकदा हाताने निवडावा.

आमच्या सेटिंग्ज.जेसनमध्ये आज चाचण्यांसाठी चारच नोंदी उरल्या आहेत: पायटेस्ट चालू, युनिटटेस्ट बंद, रिकामी यादी, आणि जतन करतानाचा तो साचा. या फाइलीत टिपा लिहिता येतात, म्हणून रिकाम्या यादीच्या वर आम्ही मराठीत लिहिले आहे, की ही यादी चुकून रिकामी राहिलेली नाही आणि फोल्डरांची नावे पायटेस्ट.आयएनआयमध्ये पाहावीत. गेल्या महिन्यात रुजू झालेल्या मुलाने रेपो क्लोन केला, म्हणजे प्रकल्पाची प्रत आपल्या संगणकावर घेतली, पायथॉन निवडला, चंबूच्या चिन्हावर क्लिक केले, आणि व्याजाच्या फाइलीसकट सगळे झाड त्याच्यासमोर उभे राहिले.